सामायिक तालिकेतली नोंद दुरुस्त करताना : नव्या तालिकाकारांसाठी

शीर्षकपानामागे ‘विजयादशमी, शके १८४५’ असे छापलेले एक मराठी पुस्तक घ्या. तालिकेत त्याची नोंद करणाऱ्याने घाईत ००८ या टॅगात, म्हणजे नोंदीतल्या त्या क्रमांकाच्या रकान्यात, वर्ष म्हणून १८४५ भरले. त्या दिवसापासून प्रकाशनवर्षाप्रमाणे शोध घेणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे दिसते. खरे तर ते १९२३ सालचे आहे. नोंद एकाच ग्रंथालयाची असती तर चूकही तिथेच राहिली असती. पण तालिका सामायिक, म्हणजे अनेक ग्रंथालयांची मिळून एक असेल, तर त्या एका नोंदीखाली दहा-वीस ग्रंथालयांच्या प्रती लावलेल्या असतात आणि चूक सगळ्यांच्या पडद्यावर जाते. दुरुस्तीचेही असेच आहे. चांगली दुरुस्ती सगळ्यांना मिळते, वाईट दुरुस्तीही सगळ्यांना मिळते.

सामायिक नोंद तुमच्या कपाटातल्या प्रतीचे वर्णन करत नाही, एका विशिष्ट आवृत्तीचे करते. नव्या माणसाकडून होणाऱ्या बहुतेक गंभीर चुका हा फरक लक्षात न आल्याने होतात. हातातले पुस्तक नोंदीशी जुळत नाही असे दिसले की तो नोंद बदलून पुस्तकाशी जुळवतो. नोंद मुळात १९६८ च्या पहिल्या आवृत्तीची असते, हातात २००५ ची तिसरी असते. बदल जतन झाला की पहिली आवृत्ती जपून ठेवलेल्या सगळ्या ग्रंथालयांकडे आता तिसरी आवृत्ती आहे असे तालिका सांगू लागते. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना शोधणाऱ्या संशोधकाला ती कुठेच सापडत नाही. म्हणून कुठलाही टॅग बदलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचाराच : नोंद चुकली आहे, की माझ्या हातातले पुस्तकच वेगळे आहे?

आधी नोंद वाचा

पुस्तक समोर असल्याशिवाय सामायिक नोंदीला हात लावू नका. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचे मुखपृष्ठ, प्रकाशकाची यादी किंवा दुसऱ्या तालिकेतली नोंद हा पुरावा नव्हे. त्यावरून शंका घ्यावी, दुरुस्ती करू नये.

नोंद मार्क स्वरूपात, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या टॅगांच्या मांडणीत उघडा. कोहा या ग्रंथालयांच्या संगणकप्रणालीत ‘मार्क’ नावाच्या टॅबवर सगळे टॅग क्रमाने दिसतात. ग्रंथनामाकडे जाण्याआधी चार ठिकाणे पाहा.

लीडरमधले, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या संकेतओळीतले, १७ वे स्थान नोंद किती पूर्ण आहे ते सांगते. तिथली जागा रिकामी असेल तर नोंद पूर्ण पातळीची. ७ म्हणजे अगदी किमान माहिती, ८ म्हणजे पुस्तक छापून येण्याआधी केलेली नोंद. ८ असलेल्या नोंदीत पाने नसतात, ग्रंथनाम मागाहून बदललेले असू शकते, वर्षही एखाद्या वर्षाने पुढे-मागे असते. अशी नोंद पुस्तकावरून पूर्ण करणे हे उपकाराचे काम आहे, बिनधास्त करा. सगळे तपासून झाल्यावर पातळीचा संकेतही बदला. मात्र फक्त दोन टॅग भरून पातळी ‘पूर्ण’ करू नका. पुढचा माणूस त्या संकेतावर विसंबून नोंद न तपासताच उतरवून घेतो.

००५ मध्ये शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ असते. बदल कालचाच असेल तर कुणीतरी आत्ता या नोंदीवर काम करत आहे. थांबा किंवा विचारा.

०४० हा नोंदीचा हस्तांतराचा कागद. सबफील्ड (टॅगाचा पोटभाग) ए मध्ये मूळ नोंद करणारी संस्था, सी मध्ये ती यंत्रात आणणारी आणि डी मध्ये एकामागून एक दुरुस्ती करणाऱ्या संस्थांचे संकेत. दुरुस्ती केलीत की शेवटी आणखी एक डी जोडून तुमच्या ग्रंथालयाचा संकेत लिहा. ही तुमची सही आहे. आधीचे संकेत काढणे म्हणजे दुसऱ्याची सही खोडणे, ते कधीही करू नका. याच टॅगातला बी पाहायला बहुतेक जण विसरतात. तालिकीकरण कोणत्या भाषेत झाले ते तो सांगतो. वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या सामायिक तालिकेत एकाच पुस्तकाच्या इंग्रजीत टिपा असलेली आणि जर्मनमध्ये टिपा असलेली अशा दोन नोंदी नियमानेच शेजारी शेजारी असतात. ती दुबार नोंद नव्हे. जर्मन टिपांचे इंग्रजी करून तुम्ही त्या नोंदीला मदत करत नाही, मोडता.

०४२ मध्ये ‘पीसीसी’ असा संकेत दिसला तर ती नोंद सहकारी तालिकीकरणाच्या कार्यक्रमात तपासलेली आणि लेखकनामे प्रमाण केलेली आहे. तिथे तुम्हाला चूक दिसत असेल तर स्वतःचे वाचन आणखी एकदा तपासा. त्यानंतरही चूक वाटली तर कळवा.

हेच पुस्तक आहे का?

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते, खाऊ द्या. शीर्षकपान आणि त्यामागचे पान उघडे ठेवून नोंदीशी ताडा : ग्रंथनाम, लेखक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, शेवटचे क्रमांकित पान, उंची. उंची मोजताना पुढचा पूर्ण सेंटिमीटर धरतात : २१.३ भरली तरी २२ लिहायचे. त्यामुळे एका सेंटिमीटरचा फरक बहुधा बांधणीचा किंवा मोजण्याचा असतो, त्यावरून काही बदलू नका. पृष्ठसंख्येत मागच्या जाहिरातींची पाने धरलेली असू शकतात. पण २१२ आणि २४० असा फरक असेल तर ती जवळपास नक्की दुसरी आवृत्ती किंवा वाढवलेला मजकूर आहे.

मराठी पुस्तकांत खरी अडचण ‘आवृत्ती’ या शब्दाची आहे. मजकुरात काडीचाही बदल नसताना नुसते पुन्हा छापलेले पुस्तकही आपल्याकडे ‘दुसरी आवृत्ती’ म्हणून बाहेर येते. उलट प्रस्तावना नवी, दोन प्रकरणे वाढलेली, तरीही मागे ‘पुनर्मुद्रण’ छापलेले असेही आढळते. सर्वसाधारण रीत अशी : ‘पुनर्मुद्रण’ असेल आणि पाने, प्रकाशक, मांडणी तीच असेल तर आहे त्याच नोंदीखाली प्रत लावा, छापील आवृत्ती वेगळी असेल तर नवी नोंद करा. तुमच्या ग्रंथालयांच्या जाळ्याने मराठी प्रकाशकांची ही सवय ध्यानात घेऊन काही वेगळे ठरवले असेल, तर ते लेखी मागून घ्या. कसेही असो, पहिल्या आवृत्तीच्या नोंदीतले १९६८ खोडून तिथे स्वतःच्या प्रतीचे वर्ष घालणे कोणत्याच नियमात बसत नाही.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) जुळला म्हणजे पुस्तक तेच, हे गृहीत धरू नका. नव्या आवृत्तीवर जुनाच क्रमांक छापलेला सापडतो, कधी एकच क्रमांक दोन वेगळ्या पुस्तकांवरही असतो. क्रमांक छापतानाच चुकला असेल आणि तपास-अंक (क्रमांक पडताळणारा शेवटचा अंक) जुळत नसेल, तर तो ०२० च्या सबफील्ड झेड मध्ये जसा छापला आहे तसाच ठेवा, मनाने ‘बरोबर’ क्रमांक तयार करू नका. २००७ पासून क्रमांक तेरा अंकी झाले, म्हणून जुने दहा अंकी क्रमांक कालबाह्य समजून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. जुन्या पुस्तकावर तोच क्रमांक छापलेला असतो आणि वाचक तोच टंकतो. राहू द्या. तुमच्या प्रतीवर नसलेला दुसरा क्रमांक नोंदीत असेल तर तो कापडी बांधणीचा असू शकतो. तोही राहू द्या.

शकाचा हिशेब

शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. शक वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, हे अनेकदा राहून जाते. शके १८४५ ची विजयादशमी ऑक्टोबर १९२३ मध्ये येते. त्याच शकातला माघ मात्र १९२४ मध्ये पडतो. नुसते ‘शके १८४५’ छापले असेल आणि महिना किंवा सण दिलेला नसेल तर दोन्ही वर्षे शक्य आहेत.

नोंदीत हे असे उतरते : प्रकाशनाच्या टॅगात आधी छापलेले जसेच्या तसे, म्हणजे ‘शके १८४५’, आणि पुढे चौकटी कंसात [१९२३]. सण किंवा महिन्यावरून वर्ष नक्की होत असेल तर ००८ मध्ये तारखेचा प्रकार ‘एस’ आणि एकच वर्ष. नक्की होत नसेल तर प्रकार ‘क्यू’ आणि १९२३, १९२४ अशी दोन्ही वर्षे. ००८ मधले अंक नेहमी आंतरराष्ट्रीय अंकांत टंकायचे. तिथे देवनागरी अंक गेले की यंत्राला वर्षच कळत नाही आणि पुस्तक वर्षाच्या गाळणीतून गायब होते. विक्रम संवत दिसला तर हिशेब उलटा, ५७ किंवा ५६ वजा करायचे.

अशी चूक तुम्हाला दिसली, शीर्षकपान समोर आहे आणि शक वाचता येतो आहे, तर ताबडतोब दुरुस्त करा. कुणाला विचारत बसू नका.

छापले तसेच राहू द्या

ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक हे भाग पुस्तकावरून उतरवलेले असतात. तिथे तुमचे शुद्धलेखन चालत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या शीर्षकपानांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘मराठींतील’ असे छापलेले असते आणि ग्रंथनामाच्या टॅगात, २४५ मध्ये, ते तसेच असायला हवे. वाचक मात्र ‘काही’ टंकून शोधणार. त्यासाठी २४६ आहे : आजच्या लेखनातले ग्रंथनाम तिथे जोडा. २४५ ला धक्का नाही आणि वाचकाचीही सोय होते. छापखान्याची उघड चूक शीर्षकपानावरच असेल तरी हीच रीत.

मुखपृष्ठावरचे नाव शीर्षकपानापेक्षा वेगळे असेल, तर २४५ शीर्षकपानाप्रमाणे आणि मुखपृष्ठावरचे २४६ मध्ये, पहिला इंडिकेटर (टॅगापुढचा संकेत-अंक) १, दुसरा ४. पाठीवरचे, म्हणजे कण्यावरचे नाव वेगळे असेल तर दुसरा इंडिकेटर ८. २४५ चा दुसरा इंडिकेटर वर्णानुक्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरे वगळायची ते सांगतो. तो ‘द’, ‘ॲन’ यांसारख्या इंग्रजी उपपदांसाठी आहे. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून मराठी ग्रंथनामाला तो ० च राहतो. ‘श्री’ वगळण्यासाठी तो वापरू नका.

‘बॉम्बे’ छापलेल्या पुस्तकाच्या नोंदीत ‘मुंबई’ घालणे, ‘औरंगाबाद’च्या जागी ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिणे ही दुरुस्ती नव्हे. पुस्तक ज्या दिवशी निघाले त्या दिवशी शहराचे जे नाव त्यावर छापले गेले, ते त्या पुस्तकाच्या इतिहासाचा भाग आहे.

जुन्या नियमांनी केलेली नोंद हीसुद्धा चूक नव्हे. ०४० मध्ये ‘आरडीए’ या नव्या नियमांचा उल्लेख नसेल आणि प्रकाशनासाठी जुना २६० वापरलेला असेल, तर ती आधीच्या नियमांची नीट नोंद असू शकते. २६० चा २६४ करायचा, पण बाकी सगळे तसेच ठेवायचे, अशी अर्धवट रूपांतरे नोंदीला ना धड जुने ठेवतात ना नवे. पूर्ण रूपांतर करायला वेळ नसेल तर करूच नका. ज्या जाळ्यात बदललेल्या नोंदी सदस्यांकडे आपोआप जातात, तिथे एक पूर्णविराम बदलला तरी वीस ठिकाणी नोंद पुन्हा उतरते.

न विचारता काय, विचारून काय

शीर्षकपानाशी ताडून दिसणारी टंकनाची चूक, उलटसुलट झालेले अंक, चुकलेला इंडिकेटर, सुटलेली ग्रंथमाला, अनुक्रमणिका, भाषेचा संकेत : हे लगेच करा. भाषेचा संकेत तर आवर्जून पाहा. कोहात नवी नोंद करताना ००८ मध्ये मुळात इंग्रजी भाषा आणि अमेरिका हा देश भरलेला येतो. नोंद करणाऱ्याने तो बदलला नाही तर शुद्ध मराठी कादंबरी इंग्रजी पुस्तकांत मोजली जाते. मराठीचा संकेत एम-ए-आर, कोकणीचा के-ओ-के, भारताचा आय-आय. तुमच्या कोहाची व्यवस्था पाहणाऱ्यांना सांगून ००८ ची मूळ भाषा आणि मूळ देश हे दोन्ही प्रणाली-पर्याय बदलून घेतले की ही चूक पुढे होतच नाही.

अनुवादित पुस्तकातही सुटलेली माहिती न विचारता भरता येते. ०४१ चा पहिला इंडिकेटर १, सबफील्ड ए मध्ये मराठी, एच मध्ये मूळ भाषा, आणि अनुवादक ७०० मध्ये. अनुवादकाला १०० मध्ये मुख्य लेखक म्हणून बसवलेले असेल, तर ते दुरुस्त करून इतर ग्रंथालयांना कळवा, कारण त्यांनी ग्रंथांक त्या नावावरून दिलेला असू शकतो.

विषयशीर्षकांबाबत जोडण्याचा हात मोकळा ठेवा, काढण्याचा आखडता. दुसऱ्या ग्रंथालयाने वेगळ्या यादीतून दिलेले शीर्षक तुम्हाला निरुपयोगी वाटेल, त्यांच्या वाचकाला तेच लागते. ६५० या विषयाच्या टॅगाचा दुसरा इंडिकेटर कोणत्या यादीतून शब्द घेतला ते सांगतो. तो न बदलता तुमचे शीर्षक वेगळ्या ओळीत जोडा. वर्गांकाचेही तेच. कुणी मराठी कादंबरीला ८९१.४६३ देईल, कुणी त्याला आणखी पुढे वाढवेल. दोन्ही चालतात.

आवृत्ती, प्रकाशनवर्ष, प्रकाशक, पृष्ठसंख्या, खंडांची रचना आणि आयएसबीएन यांपैकी काही छापील पुराव्याच्या विरुद्ध दिसत असेल, पण दुसऱ्यांच्या प्रती वेगळ्या असण्याची जराही शक्यता असेल, तर आधी विचारा. खंडांचे विशेष सांगायला हवे. एक ग्रंथालय पाच खंडांची एकच नोंद ठेवते, दुसरे प्रत्येक खंडाची स्वतंत्र. दोन्ही पद्धती मान्य आहेत. संपूर्ण संचाच्या नोंदीचे रूपांतर ‘खंड २’च्या नोंदीत केले, तर उरलेले चार खंड ज्यांनी तिथे लावले होते त्यांचे काय?

लेखकाचे नाव

इथे उत्साह सगळ्यात महागात पडतो. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. म्हणून नवा तालिकाकार नाटकांच्या नोंदींतले ‘शिरवाडकर’ बदलून ‘कुसुमाग्रज’ करतो, किंवा उलट, आणि सगळे एका नावाखाली आणल्याचे समाधान मानतो. पण त्यांनी कविता एका नावाने आणि नाटके दुसऱ्या नावाने प्रसिद्ध केली. तालिकीकरणाच्या नियमांत याला स्वतंत्र ग्रंथीय ओळख म्हणतात : दोन्ही नावे प्रमाण राहतात आणि प्रमाणनोंदींत, म्हणजे नावाचे ठरलेले रूप सांगणाऱ्या वेगळ्या नोंदींत, ५०० या टॅगाने एकमेकांकडे ‘हेही पाहा’ असा निर्देश करतात. आरती प्रभु आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचेही तसेच. टोपणनाव एका शब्दाचे असेल तर १०० चा पहिला इंडिकेटर ०, आडनावाने सुरू होणाऱ्या नावाला १. तुकाराम, ज्ञानेश्वर यांनाही ०.

आद्याक्षरे सारखी आणि आडनाव एकच अशा दोन लेखकांची पुस्तके एका नावाखाली गोळा झालेली मराठीत वारंवार दिसतात. ती वेगळी करणे फार मोलाचे काम आहे, पण पुरावा हवा : प्रस्तावनेतला परिचय, मलपृष्ठावरची माहिती, जन्मवर्ष. अंदाजाने जन्मवर्ष जोडू नका. चुकीचे वर्ष एकदा प्रमाणनोंदीत गेले की तिथून ते सगळीकडे पसरते.

पसरते म्हणजे शब्दशः. कोहात नाव प्रमाणनोंदीला जोडलेले असेल तर सबफील्ड ९ मध्ये तिचा क्रमांक असतो. प्रमाणनोंद बदलली की तिला जोडलेल्या सगळ्या नोंदी बदलतात, मग त्या दोन असोत वा दोनशे. जतन करण्याआधी त्या प्रमाणनोंदीला किती नोंदी जोडलेल्या आहेत तो आकडा पाहा आणि त्यातल्या निदान काही उघडून खात्री करा.

लिपी आणि टंकन

पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे असू शकतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले. त्याआधी ते ‘अ’ला अर्धचंद्र जोडून टंकत आणि आजही काही कळफलक तसेच करतात. ‘ऱ’सुद्धा एका चिन्हाने किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन टंकता येतो. तुमच्या यंत्रणेने हे फरक आपोआप सारखे केले नाहीत, तर वाचकाला पुस्तक सापडत नाही आणि नोंदीत तर काहीच चूक दिसत नाही. अशी शंका आली की शब्द स्वतःच्या कळफलकावरून पुन्हा टंकून शोधून पाहा. सापडत नसेल तर एका नोंदीवर थांबू नका, यंत्रणा पाहणाऱ्यांना कळवा.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात ही फॉन्टची गोष्ट आहे, नोंदीची नाही. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नोंद मात्र रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसते. तर्काने ती वाचू नका, पुस्तक काढून नव्याने टंका.

परदेशी ग्रंथालयांतल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत असतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके घेत आले आहे. त्या रोमनीकरणात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ लिहिला जातो. ‘राम’चे स्पेलिंग आपल्या सवयीपेक्षा एका ‘ए’ने लांब दिसते, आणि ते बरोबर आहे. तो ‘ए’ खोडू नका. ८८० मध्ये देवनागरी रूप नसेल तर जोडा, आणि सबफील्ड ६ मधला जोडक्रमांक दोन्हीकडे जुळतो ना ते पाहा.

प्रतीपुरते ते प्रतीपाशी

दाखल क्रमांक, किंमत, देणगीदाराचे नाव, ‘पान ४५ फाटलेले’, लेखकाची सही : यातले काहीच सामायिक टॅगांत नको. पुस्तकाच्या नोंदीत ५०० म्हणजे सर्वसाधारण टीप; तिथे ‘लेखकाची सही असलेली प्रत’ लिहिले की वीस ग्रंथालयांच्या वाचकांना आपल्या ग्रंथालयात सही असलेली प्रत आहे असे वाटते. कोहात हे सगळे ९५२ मध्ये, त्या त्या प्रतीखाली जाते : ओ मध्ये बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा), पी मध्ये बारकोड, झेड मध्ये वाचकांना दिसणारी टीप, एक्स मध्ये फक्त कर्मचाऱ्यांसाठीची. प्रतीचा इतिहास नोंदीतच ठेवण्याजोगा असेल तर ५६१ वापरा आणि सबफील्ड ५ मध्ये कोणत्या संस्थेची प्रत ते लिहा. दुसऱ्या संस्थेचा सबफील्ड ५ असलेली ओळ कधीही काढू नका.

प्रत्यक्ष बदल

बदलापूर्वी नोंद मार्कएक्सएमएल स्वरूपाची फाईल म्हणून उतरवून ठेवा. एक मिनिट लागते. फाईलच्या नावात नोंद क्रमांक आणि तारीख घाला. मग एका वेळी एकाच कारणाचा बदल करा. शक दुरुस्त करता करता विरामचिन्हे, विषय आणि वर्गांकही बदललेत, तर पुढे तुमचा एक भाग चुकीचा ठरला तरी सगळेच मागे घ्यावे लागते. ०४० मध्ये डी जोडा, जतन करा आणि लगेच वाचकाच्या बाजूने शोधून पाहा : ग्रंथनामाने, लेखकाने, वर्षाने.

तुमची स्थानिक तालिका आणि संघ तालिका, म्हणजे सगळ्यांची सामायिक तालिका, वेगळ्या असतील तर दुरुस्ती एकीकडून दुसरीकडे आपोआप जातेच असे नाही. कधी उलटेही होते. संघ तालिकेकडून नोंदींची पुढची भरणी आली की तुमचा स्थानिक बदल पुसला जातो. म्हणून दुरुस्ती मुळाशी करा किंवा मुळाशी कळवा.

कळवताना मजकूर असा असावा की वाचणाऱ्याला उठून कपाटापाशी जावेसे वाटेल :

“सप्रेम नमस्कार. नोंद क्रमांक ४८२१७ मध्ये दुसरी आवृत्ती, १९८६ आणि २१२ पाने असे आहे. आमच्या प्रतीवरही दुसरी आवृत्ती, १९८६ छापले आहे, पण शेवटचे क्रमांकित पान २४० आहे आणि पान २१३ पासून परिशिष्ट सुरू होते. आपल्या प्रतीत परिशिष्ट आहे का, शेवटचे पान कोणते, एवढे पाहून कळवाल का? शीर्षकपान, त्यामागचे पान आणि पान २४० यांची छायाचित्रे जोडली आहेत. तोवर नोंदीत काही बदललेले नाही.”

यात ‘तुमची नोंद चुकली आहे’ हे कुठेही नाही, कारण ते अजून माहीत नाही. त्यांची प्रत बांधताना परिशिष्ट गळलेले असू शकते. कामाचे आठ दिवस थांबा, मग एकदा दूरध्वनी करा. लहान गावातल्या ग्रंथालयात एकच ग्रंथपाल देवघेवही पाहत असतो. उत्तर उशिरा आले म्हणजे दुर्लक्ष झाले असे नव्हे.

एकत्रीकरण, वरून भरणी आणि घाऊक बदल

दोन नोंदी एकाच पुस्तकाच्या आहेत अशी खात्री झाली तरच त्या एकत्र करा, आणि अधिकार असेल तरच. कोहात दोन नोंदी निवडून कोणती ठेवायची ते ठरवता येते. दुसरीच्या प्रती पहिलीखाली येतात आणि दुसरी नोंद जाते. परत फिरायला बटण नाही. ठेवायची ती जास्त प्रती असलेली आणि जास्त पूर्ण नोंद. जाणाऱ्या नोंदीतले वेगळे विषय, अनुक्रमणिका, टिपा आधी खुणा करून उचलून घ्या. गेलेल्या नोंदीचा क्रमांक ०३५ च्या सबफील्ड झेड मध्ये ठेवा, म्हणजे ज्यांच्याकडे जुना क्रमांक लिहून ठेवलेला आहे त्यांना वाट सापडते. शंका असेल तर दोन नोंदी राहू द्या. दुबार नोंदीने वाचकाला दोनदा पाहावे लागते, चुकीच्या एकत्रीकरणाने एक आवृत्ती तालिकेतून नाहीशी होते.

झेड३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या तालिकांतून नोंदी उतरवण्याच्या सोयीने, आणलेल्या नोंदीने असलेली नोंद बदलण्याची सोय मोहात पाडते. ती संपूर्ण नोंद बदलते. देवनागरी ग्रंथनाम, मराठी विषय, कुणी तरी तासभर बसून टंकलेली अनुक्रमणिका, सगळे जाते आणि जागी रोमन लिपीतली आटोपशीर नोंद येते. तुमच्या जाळ्यात वरून भरणीचे, म्हणजे असलेल्या नोंदीवर नवी चढवण्याचे, नियम लावून कोणते टॅग राखायचे ते ठरवता येत असेल तर ८८०, २४६, ५०५ (अनुक्रमणिका) आणि ६५० आधी राखून घ्या.

घाऊक बदल नव्या माणसाने एकट्याने करू नये. ‘बॉम्बे’ शोधून ‘मुंबई’ करा अशी एक आज्ञा दिली की ग्रंथनामे, उच्च न्यायालयाचे नाव, जुन्या संस्था, सगळेच बदलते. करायचाच असेल तर कोणत्या टॅगात आणि कोणत्या सबफील्डमध्ये ते नेमके बांधा, आधी दहा नोंदींवर चालवून प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा, सगळ्या सदस्यांना किती नोंदी बदलणार त्याचा आकडा आधी कळवा, आणि मूळ नोंदी उतरवून ठेवा.

तुमची दुरुस्ती कुणी परत फिरवली तर

पुन्हा बदलू नका. ०४० मधला शेवटचा डी पाहून कुणी फिरवली ते काढा आणि त्यांना छायाचित्र पाठवून विचारा. कोहात तालिकीकरणाची नोंदवही चालू ठेवलेली असेल तर कोणी, कधी बदल केला तेही दिसते. ती बंद असेल तर चालू करून घेण्याची मागणी करा. पुष्कळदा कळते की त्यांच्याकडची प्रत खरोखरच वेगळी आहे, आणि मग एका नोंदीच्या जागी दोन नोंदी हव्या असतात. तसे असेल तर नवी नोंद कोण करणार आणि कोणाच्या प्रती कुठे हलवायच्या, हे ठरवल्यावरच जुन्या नोंदीला हात लावा. तोवर ती ज्या रूपात जास्त ग्रंथालयांच्या प्रतींशी जुळते, त्या रूपात ठेवा.